आबू घरी येत नाहीत

१ जून, मंगळवार

आबूंना आज नेलं.

रुग्णालयाची, पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली दोन माणसं खुर्ची घेऊन जिना चढून आली. आबू म्हणाल्या, "खुर्ची कशाला? माझे पाय काय मोडलेत?" आणि शहाऐंशीव्या वर्षी, अंगात सणसणून ताप असताना, स्वतःच्या पायांनी उतरल्या. वळणावर थांबून मला म्हणाल्या, "भाताकडे लक्ष दे. करपवशील." बस, एवढंच. एकतीस वर्षं त्यांची सून म्हणून या घरात मी भात लावतेय. अजून एकदाही करपलेला नाही.

चिन-हुआत, माझा नवरा, आईच्या मागे खाली गॅरेजच्या शटरपर्यंत गेला. त्यापुढे जाऊ देईनात. चाचणी आम्हा दोघांचीही पॉझिटिव्ह आली आहे, पण आम्ही 'सौम्य'. सौम्य माणसांनी घरात बसायचं, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. तो मागच्या खोलीत, मी पुढे, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी. जेवण त्याच्या दाराशी ठेवायचं आणि दार वाजवून पळायचं. घरात चोर असल्यासारखं वाटतं.

ही वही मी नवी नवरी असताना सुरू केली. आबूंना वाचता येत नाही, आणि या घरात त्यांचा हात पोचत नाही अशी ही एकच जागा होती. आज घरभर कुठेच त्यांचा हात पोचत नाही. मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये.

४ जून, शुक्रवार

रुग्णालयातून व्हिडिओ फोन आला. आबूंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क, आणि कवळी घरीच राहिल्यामुळे गाल आत गेलेले. ओळखू येईनात. नर्स म्हणाली, "ऐकू येतं त्यांना, बोला."

मी विचारलं, "आबू, जेवलात का?"

नाकात नळी असलेल्या बाईला! नर्सने मान फिरवली, हसली असावी. मग तिने चिन-हुआतला लावून दिला. तो मागच्या खोलीत बराच वेळ बोलत होता, हळू आवाजात, लहान मुलाची समजूत काढावी तसा. नंतर मी दाराबाहेरून विचारलं, "काय म्हणालास?" तर म्हणाला, "काही नाही. काळजी करू नकोस म्हटलं."

५ जून, शनिवार

गेल्या. पहाटे.

फोनवरचा माणूस नम्र होता. म्हणाला, नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत दहन होईल, कुटुंबाला येता येणार नाही, आपल्या दुःखात सहभागी आहोत. चिन-हुआतने विचारलं, "कपडे तरी बदलाल का? तिचे कपडे तयार आहेत." नाही. पिशवी बंद झाली की उघडत नाहीत.

कपडे खरंच तयार आहेत. आबूंनी सत्तरीतच शिवून घेतले, सात पदरी, गडद निळे, कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले. दर वर्षी उन्हाळ्यात बाहेर काढून उन्हात टाकायच्या आणि मला बजावायच्या, "बटणं लावू नकोस, नाड्या बांध. उजवीकडून." मी म्हणायचे, "माहीत आहे, आबू." आता कोण बांधणार?

कुणी आंघोळ घातली नाही. कुणी मंत्र म्हटले नाहीत. कानाशी तोंड नेऊन कुणी सांगितलं नाही, की आबू, तुम्ही गेलात, आता घरी चला. माझी आई सांगायची, घराबाहेर मेलेल्या माणसाला आपण मेलोय हे कळतच नाही. कुणी येऊन नाव घेऊन बोलावलं तर ते मागोमाग येतं, नाहीतर तिथल्या तिथे घुटमळत राहतं. मी लहानपणी हे ऐकून उशीत तोंड खुपसायचे. आज तेच आहे, आणि उशी पुरत नाही.

चिन-हुआत रडला नाही. खोकला.

६ जून, रविवार

दुपारी दाराच्या भोकातून बाहेर पाहिलं, तर समोरच्या शेजारणीच्या, आणच्या, दारावर लाल कागद चिकटवलेला. वरच्या मजल्याच्या कठड्यालाही. खिडकीतून पाहिलं, तर खाली शिंप्याच्या शटरवरही.

माणूस गेलं की शेजाऱ्यांच्या दाराला लाल कागद लावायचा, म्हणजे आपलं अशुभ त्यांच्या घरात शिरत नाही. पण तो लावायचा असतो सुतक असलेल्या घराने! आपण जाऊन, वाकून, माफी मागून. आम्हाला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणून लोकांनी आपापला लावून घेतला. आणच्या कागदाला तर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी आहे. सासऱ्यांच्या वेळी याच बाईने आमच्या स्वयंपाकघरात बसून चाळीस माणसांच्या शेवया शिजवल्या होत्या.

रागवावं तर तोंड नाही. मी तिच्या जागी असते तर मीही लावला असता, कदाचित दोन.

७ जून, सोमवार

आज आबूंना फोनवरून बोलावलं. लिहितानाही विचित्र वाटतं, पण तसंच झालं.

अंत्यविधीचं काम बघणारा लाय म्हणून आहे, त्याने अस्थी ताब्यात घेतल्या. तो म्हणाला, "थोरल्या मुलाने मृत्यूच्या जागी जाऊन हाक मारायची असते. तुम्हाला येता येत नाही. मी रुग्णालयाच्या फाटकाशी उभा राहतो, फोन वर धरतो, तुम्ही त्यातून हाक मारा. सध्या सगळे असंच करतायत." दुसऱ्या फोनवर माझी नणंद बी-हून, काऊशुंग शहरातून. ती आली असती तर तिलाही कोंडून ठेवलं असतं.

तर फाटकाबाहेर लाय, एका हातात उदबत्ती, एका हातात फोन. मागून अँब्युलन्सचे भोंगे. चिन-हुआत मागच्या खोलीच्या उंबऱ्यात गुडघे टेकून, तोंडाला मास्क लावून ओरडतोय, "आबू! चल, घरी चल! मी चिन-हुआत!" आणि दर हाकेला खोकल्याची उबळ.

मग लायने दहाची दोन नाणी टाकली. एक छापा एक काटा आला तर आबू 'हो' म्हणाल्या, आल्या. दोन्ही छापे म्हणजे नुसत्या हसल्या. दोन्ही काटे म्हणजे नाही.

दोन्ही काटे.

पुन्हा हाक, पुन्हा नाणी. काटे. पुन्हा. काटे.

बी-हून म्हणाली, "वहिनी, कवळी! तिची कवळी घरी राहिली, म्हणून लाजत असेल. विचार!"

लायने विचारलं, "आजी, कवळी हवी का?" दोन्ही छापे. हसल्या.

"कपड्यांवरून रागावल्या का?" काटे. "सूनबाईंवर रागावल्या का?" हा प्रश्न बी-हूननेच सुचवला, धन्य आहे तिची. दोन्ही छापे. लायसुद्धा म्हणाला, "यावरही नुसत्या हसतायत." मला त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

शेवटी लाय वैतागला. उन्हात उभा राहून त्याचा मास्क घामाने चिकटला होता. "दादा, जाण्याआधी आईशी काही बोलणं झालं होतं का? कधीकधी त्यात अडकून बसतात माणसं."

चिन-हुआत म्हणाला, "मी तिला सांगितलं होतं, कुणाबरोबर जाऊ नकोस. कुणीही न्यायला आलं तरी उठू नकोस. मी स्वतः येईन तुला न्यायला, तोवर तिथून हलू नकोस."

लायने नाणी खिशात टाकली. म्हणाला, "मग बरोबर आहे. त्या वाट बघतायत."

मरायला टेकलेल्या माणसाला कुणी असं सांगतं का? 'घरी चल' म्हणायचं असतं. एवढं साधं! पण त्याला वाटलं होतं की ती जगेल. यमाने नेऊ नये म्हणून त्याने तिला दटावून ठेवलं, आणि आता ती कुणाचंच ऐकत नाही. आबू आयुष्यात फक्त एकाच माणसाचं ऐकायच्या, तो म्हणजे हा.

९ जून, बुधवार

मला आता भूक लागते, वास येत नाही पण ताप उतरला. चिन-हुआतचं उलट आहे. दाराशी ठेवलेली पेज तशीच परत येते. काय होतंय विचारलं तर म्हणतो, "काही नाही, दमलोय." दिवसभर पलंगाच्या काठावर बसून असतो, समोर भिंत.

बी-हूनने पार्सलने बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पाठवलं. माझ्या बोटाला ९७. मी ते दारातून सरकवलं. त्याने ओरडून सांगितलं, "एकोणनव्वद!" आवाज अगदी नेहमीचा. म्हटलं, नीट लाव. पुन्हा एकोणनव्वद. त्याने दुसरं बोट लावलं, तेच. म्हणाला, "हात गार आहेत माझे, म्हणून."

मी दार किलकिलं करून हात बघितला. नखं निळसर काळी. मला आधी वाटलं ग्रीस. तीस वर्षं स्कूटरी दुरुस्त करणाऱ्याची नखं काळीच असतात. पण गॅरेज बंद होऊन दोन आठवडे झाले.

तेव्हा मला कळलं. मी मूर्ख, यंत्राला दोष देत होते. आबूंनी त्याचा हात धरलाय.

मेलेल्याला दिलेला शब्द पाळावा लागतो. त्याने सांगितलं 'मी येईन', ती तिथे बसलीय, आणि तो येत नाही. मग ती काय करणार? ओढणार. पहिल्यापासून तिला धीर म्हणून नव्हताच. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की जिन्यातून हाका मारायची, "हुआत-आ, हुआत-आ!" सगळी गल्ली ऐकायची.

मेलेल्या माणसाला वाचता येतं का? येत असेल तर आबू, हे पान तुमच्यासाठी नाही. रागावू नका.

१० जून, गुरुवार

सकाळी दाराच्या कडीला बा-त्सांग लटकवलेले. पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या, अजून कोमट, दोरीला दहा. या पुड्यांचा सण सोमवारी. सुतकाच्या घरात बा-त्सांग बांधत नाहीत, शेजाऱ्यांनी आणून द्यायचे असतात, म्हणजे आणनेच ठेवले असणार. भोकातून पाहिलं तर तिचं दार बंद आणि लाल कागद जागेवर. मी दाराआडून ओरडले, "आण-ताई, मिळाले गं!" आतून आवाज, "शेंगदाणे जास्त घातलेत, तुझ्या सासूला आवडायचे तसे! हुआत कसा आहे?"

मी म्हटलं, "बरा आहे." का म्हटलं कुणास ठाऊक.

एक सोलून त्याला द्यायला गेले. दार वाजवणार तोच आतून बोलणं ऐकू आलं. फोन तर बाहेर चार्जिंगला होता.

"हो गं," तो म्हणत होता. दोन शब्दांमध्ये मोठा श्वास. "येतो. म्हटलं ना. चपला घालतो."

माझ्या हातातला बा-त्सांग खाली पडला. मी नियम-बियम विसरून दार उघडलं. तो पलंगावर बसलेला, एका पायात चप्पल. ओठ जांभळे. माझ्याकडे बघून हसला, ओळखीचं हसला. म्हणाला, "सिउ-लुआन, तू का रडतेस?"

मी रडत नव्हते. मग रडायला लागले.

ऑक्सिमीटर लावलं. ८३. कागदावर लिहून दिलंय, चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर ११९ ला फोन करा. मला वाचता येतं. कालही येत होतं. मी म्हटलं, "अँब्युलन्स बोलावते."

"नको." हे मात्र तो खणखणीत बोलला. "तिला तसंच पाठवलं ना आपण? खुर्चीसुद्धा नको म्हणाली होती. चालत गेली. चालत गेलेलं माणूस डब्यातून येतंय. खोकला मला आधी झाला होता, सिउ-लुआन. मी आणला घरात. माझ्यासाठी नको बोलावूस कुणाला."

हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. भीती मलाही आहे. या दारातून खाली गेलेलं माणूस परत येत नाही, आणि तिथे तर आबू बसलीय, त्याचीच वाट बघत. तिच्या हातात नेऊन द्यायचं? की इथे ठेवायचं, जिथे ती ओढतेच आहे?

११ जून, शुक्रवार

उजाडताच नाणी घेतली. देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले. आबूंची तसबीर अजून नाही, म्हणून त्यांचा निळा पोशाख घडी करून ठेवला.

विचारलं, "आबू, याला रुग्णालयात पाठवू का?"

दोन्ही काटे.

"आबू, त्याला श्वास घेता येत नाहीये. पाठवू का?"

काटे.

"आबू, पाया पडते. तुमचाच मुलगा आहे. मी तुमच्यासमोर एकतीस वर्षांत कधी तोंड वर करून बोलले नाही. भात कमी शिजला म्हणालात, हो म्हटलं. मुलगी झाली म्हणून दोन दिवस बोलला नाहीत, हो म्हटलं. मग तीही गेली, तेव्हा 'नशीब' म्हणालात, हो म्हटलं. एवढं एक द्या. पाठवू का?"

नाणी फरशीवर गरगरली. एक देव्हाऱ्याखाली गेलं. पोटावर पडून हात घातला, बाहेर काढण्याआधी वरची बाजू बोटांनी चाचपली. काटा. दुसरं समोर पडलं होतंच. काटा.

मागच्या खोलीतून आता आवाज येत नव्हता. खोकलासुद्धा नाही.

मी उठले. आबूंना तोंडावर सांगितलं, "तुम्ही नाही म्हणताय, ते ऐकलं मी. आता मी विचारत नाहीये." आणि ११९ लावला. पत्ता तीनदा सांगावा लागला.

ते आले तेव्हा आकडा ७६ होता. त्यांच्यातली एक मुलगी दुसऱ्याला म्हणाली, "हे बसलेत कसे अजून?" त्याला खुर्चीत बांधलं, तोंडावर तसाच मोठा मास्क. मला जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंतच जाऊ दिलं. त्याने मास्क बाजूला सारला. मुलगी रागावली, तरी सारला.

"आबू आली का?" त्याने विचारलं. "आज सातवा दिवस ना, घरी यायचा."

आल्या म्हणायचं, शांत होईल, असं एक मन म्हणत होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही आल्या. तुझ्याशिवाय येणार नाहीत. तूच बजावलंस ना? मग जा आणि घेऊन ये."

त्याने मान हलवली. कामाला निघताना हलवतो तशी. वळणावरून खुर्ची दिसेनाशी झाली.

मी खिडकीकडे धावले. गाडीचं दार लागत होतं. आणि मी ओरडले. मी, जिचा आवाज या गल्लीने कधी ऐकला नाही.

"आबू! हुआत निघालाय! तुम्ही जिथे आहात तिथेच थांबा! घरी येऊ नका! ऐकताय का? त्याच्या उशाशी बसा, त्याला ओरडा, झोपू देऊ नका! बरा झाला की दोघं बरोबर या! एकटीने त्याला कुठे न्यायचं नाही, एकटीने घरी यायचं नाही!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. शिंपी बाहेर आला. आण तिच्या बाल्कनीत, तोंडावर हात. मग तीही ओरडली, माझ्या दिशेने नाही, गाडीच्या दिशेने, "आजी, ऐका हो तिचं!" गाडी पुलाकडे वळली.

आता दुपार आहे. रुग्णालयातून फोन नाही. बी-हूनचे मात्र सात येऊन गेले. आताचा उचलला, तर ती रडत म्हणाली, "वहिनी, आज पहिला सातवा. दार उघडं ठेवलंयस ना? आत्मा आज घरी येतो. दार बंद दिसलं तर परत जाईल गं."

मी म्हटलं, "हो, माहीत आहे."

फोन ठेवला आणि जाऊन दाराला आतून कडी घातली.